दूध खरं होतं

बिबवेवाडी, पुणे
२१ एप्रिल २०२५

प्रिय अस्मिता वहिनी,

सप्रेम जय भीम.

पत्र घरी न येता तुमच्या बँकेच्या पत्त्यावर आलेलं बघून घाबरू नका. घरी कोणाला काही झालेलं नाही. आईचे गुडघे दुखतात, पण बोलण्यावर त्याचा काही परिणाम नाही. दादाच्या हातात आधी पडू नये म्हणून इकडे पाठवलं, एवढंच. फोन केला असता, पण आई शेजारी बसून तुमच्या प्रश्नांना माझ्याआधी उत्तरं देते. आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं की ती निळी खूण येईपर्यंत मी स्क्रीनकडे बघत बसते. तसं बसणं मला चांगलं नाही. पत्र पेटीत टाकलं की आपल्या हातातून सुटतं.

मी बरी आहे. काम चालू आहे. बुधवार पेठेतल्या त्याच ऑफिसात गाईडांची प्रुफं वाचते, सध्या नववीचा भूगोल. मालक रंगनाथराव परवा सगळ्यांसमोर म्हणाले की मैत्रीबाई नसत्या तर यंदा गोदावरी अरबी समुद्राला मिळाली असती. पगार वाढवायचा नसला की ते असं कौतुक करतात.

घरात तुमच्या येण्याची तयारी जोरात आहे. आईने आतली खोली रंगवून घेतली. गुलाबी. मी म्हटलं, सहा वर्षांच्या मुलीला गुलाबीच आवडतं असं कोणी सांगितलं, तर म्हणाली, तुला काय माहीत. बुद्ध पौर्णिमेच्या खिरीसाठी कुठलं दूध आणायचं, इथपासून तिचं सुरू झालंय. सोसायटीत एकही घर उरलं नाही जिथे नात येणार हे कळलेलं नाही. दादा 'येतो' म्हणाला त्या दिवशी ती पपांच्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. पुसायचं फडकं हातात होतं, पण पुसत नव्हती.

याच येण्याविषयी मला लिहायचं आहे. पण त्याआधी दुसरं एक. गेल्या वर्षी डॉक्टरांनी काय सांगितलं ते दादाने तुम्हाला नीट सांगितलं असेल असं मला वाटत नाही. 'हार्मोन्सचा काहीतरी प्रॉब्लेम होता, गोळी बदलली' एवढंच म्हणाला असेल. भावाने बहिणीबद्दल त्याहून जास्त बोलायचं कसं, हाही प्रश्नच आहे. म्हणून मी सांगते.

तुम्ही घरात आलात तेव्हा माझ्या आजाराचं तुम्हाला माहीत होतं. पपा स्वतः नागपूरला येऊन सांगून गेले होते की मुलीला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्यांवर ठीक असते, पटलं तर पुढे जाऊ. तुम्ही म्हणे उत्तर दिलंत, आमच्याकडे सगळ्यांना बीपी आहे, आम्ही कुठे सांगितलं. पपा हे वाक्य शेवटपर्यंत सगळ्यांना ऐकवत राहिले. साखरेने त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला, तेव्हा ड्रेसिंग तुम्ही करायचात. मला तो वास सहन व्हायचा नाही, मी बाहेर जायची. तुम्ही नाकाला पदरसुद्धा लावला नाहीत. त्या घरात मला तुमच्याइतकं जवळचं कोणी नव्हतं, हे मी तेव्हा बोलले नाही.

त्या वर्षी माझं वजन किती वाढलं होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. गोळीने आवाज गेले आणि भूक आली. पोट भरलेलं असायचं आणि तरी भूक लागायची, जशी दुसऱ्या कोणाचीतरी भूक माझ्यात आणून ठेवली आहे. मानेवरची कातडी काळी पडली तेव्हा आई बेसन-दही लावून घासायची. मळ नव्हताच तो. पाळीही केव्हाच बंद झाली होती. आईला मी सांगितलं नाही, आणि आईने विचारलं नाही.

मग तुमचं बाळंतपण आलं. तुमच्या आई नव्हत्या, म्हणून तुम्ही पुण्यातच राहिलात. आईने तुमच्यासाठी अळिवाचे लाडू केले, तुम्हाला दूध यावं म्हणून. ते मी खाल्ले. सगळेच नाही, पण बरेच. तुम्हाला कळलं होतं, तरी आईला तुम्ही सांगितलंत की मीच खाते, दुपारची भूक लागते. वहिनी, मला खरंच फक्त भूक लागली होती. बाकी काही मनात नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला दूध यायला लागलं.

आंघोळ करताना पहिल्यांदा दिसलं. आधी वाटलं साबणाचं पाणी असेल. पुसलं, पुन्हा आलं. मी न्हाणीघरात खाली बसून राहिले. ज्या बाईला दूध येतं तिला बाळ झालेलं असतं. हे मी कुठल्या आवाजाकडून ऐकलं नव्हतं, सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट आहे ही. मग माझं बाळ कुठे आहे, एवढंच शोधायचं उरलं. आणि घरात एक बाळ होतंच.

लोकांना वाटतं, वेड म्हणजे हवेतून काहीतरी येतं. माझं हवेतून आलं नव्हतं. माझा ब्लाऊज रोज भिजत होता.

त्या दुपारचं तुम्हाला सगळं माहीत आहे. पण माझ्या बाजूने ते कसं होतं ते कोणी विचारलं नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. तुम्ही न्हायला गेला होतात. आई गिरणीत गेली होती. प्रियदर्शनी रडायला लागली आणि तिच्या रडण्याबरोबर माझं दूध आपोआप वाहायला लागलं. मी तिला घेतलं. ती लगेच प्यायला लागली. वहिनी, ती शांत झाली. डोळे मिटून, मूठ माझ्या गळ्याशी ठेवून. इतक्या वर्षांत माझ्या अंगाने कोणाच्या उपयोगाचं केलेलं हे एकच काम होतं.

तुम्ही ओल्या केसांनी दारात आलात. ओरडला नाहीत, ते मला नेहमी आठवतं. हात पुढे करून म्हणालात, "ती माझी आहे, मैत्री. दे मला."

आणि मी म्हणाले, "तुमची कशी? दूध मला येतंय."

पुढचा जिना मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. मागे तुमची पावलं, समोरच्या साईनाथकाकांचं उघडलेलं दार, माझा पाय साडीत अडकला तो. तिच्या खांद्याचं हाड मोडलं हे मला फार उशिरा कळलं. त्या वयात हाड पटकन जुळतं असं सगळे सांगतात. जुळत असेल. तुम्ही तिला घेऊन नागपूरला गेलात, दादाने बदली मागून घेतली. मी तुमच्या जागी असते तर त्याच संध्याकाळी गेले असते.

मला ॲडमिट केलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना मी सांगितलं, मला दूध येतं. त्यांनी मान हलवली आणि बाळाचा भ्रम अजून आहे असं शिकाऊ डॉक्टरांना सांगितलं. गोळीचा डोस वाढवला. डोस वाढला तसं दूध वाढलं. मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा वाढवला. वॉर्डच्या मावशी बेसिनपाशी मला पिळून काढताना बघायच्या. एक दुसरीला म्हणाली, वेडीला पान्हा फुटलाय बघ. त्यांना दिसत होतं. पण डॉक्टरांनी मावशींना विचारलं नाही आणि मावशींना ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

घरी आल्यावर आईला दिसलंच. कपडे तीच धुते. एक दिवस तिने मला कसबा पेठेत तिच्या मावसबहिणीकडे नेलं, द्वारकामावशी, ती पूर्वी सुईणीचं काम करायची. बिबवेवाडीत कोणाला कळू नये म्हणून इतकं लांब. वाटेत रिक्षात आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला कोणी हात लावला का? ऑफिसात? दवाखान्यात?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मी रागावणार नाही. मी पुन्हा नाही म्हटलं. मावशीने लघवीची पट्टी बुडवून बघितली, काही नव्हतं.  घरी आल्यावर आईने जुन्या मऊ धोतराचे तुकडे कापून माझ्या सगळ्या ब्लाऊजना आतून शिवले. हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. तुकडे फाटले की ती नवे शिवायची, आणि मी घालायची.

अशी वर्षं गेली. बाळाचं वेड गोळ्यांनी मागे गेलं. म्हणजे मी तोंडाने म्हणायला शिकले की बाळ नव्हतं, ती भाची आहे. पण रोज आंघोळीला गेलं की अंग सांगायचं, खोटं बोलतेस.

गेल्या वर्षी आमच्या ओपीडीत नवीन डॉक्टर आल्या. दीक्षा मॅडम. वयाने माझ्याहून लहान असतील. त्यांनी झोप, भूक, आवाज सगळं विचारलं, आणि मग कागदावरून मान वर करून, पाळी येते का आणि अंगावर दूध येतं का, असं विचारलं. दाढ दुखते का विचारावं तितक्या साधेपणाने. मी आईकडे बघितलं. आई खिडकीकडे बघत होती. मी हो म्हटलं. मॅडमनी पडदा ओढून तपासलं, रक्त घ्यायला पाठवलं. मेंदूत गाठ नाही ना म्हणून स्कॅनही झाला. गाठ नव्हती.

रिपोर्ट आल्यावर त्यांनी समजावलं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मेंदू प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन सोडतो, एरवी तोच ते दाबून धरतो. माझ्या आवाजांना गप्प करणारी गोळी या दाबून धरण्यालाही गप्प करते. मग हार्मोन सुटतं, पाळी थांबते, दूध येतं. सगळ्यांना येत नाही, पण बऱ्याच जणींना येतं. त्या सांगत नाहीत. सांगितलं तर कोणी धरत नाही.

मग त्या म्हणाल्या, "दूध खरं होतं, मैत्री. बाळ खरं नव्हतं."

वहिनी, मी तिथेच रडले. कोणीतरी अर्धं का होईना, खरं होतं म्हणालं. आई मात्र रडली नाही. बसमध्ये अर्ध्या वाटेत म्हणाली, मी तुला कसब्यात नेलं होतं. एवढंच. मी तिचा हात धरला.

गोळी हळूहळू बदलली. नव्या गोळीने हातपाय स्वस्थ राहत नव्हते, खुर्चीत बसले तरी पाय चालायचे, तेही पुढे कमी झालं. दूध आटलं. वजनही थोडं उतरलं. दिवाळीच्या सुमारास ऑफिसात पाळी आली, इतक्या वर्षांनी, आणि माझ्याकडे काहीच नव्हतं, चहावालीकडून मागून घ्यावं लागलं. आईने त्या संध्याकाळी शिरा केला. आणि मी तो खाताना मला वाटलं, बाळ गेलं. जे नव्हतंच ते गेलं, आणि त्याचं दुःख करायला मला कोणाकडे जागा नव्हती. शिरा चांगला झाला होता.

आईने तुम्हाला फोनवर सांगितलं ते हे. मैत्री आता पूर्ण बरी झाली. त्यावर दादा हळूहळू पाघळला, आणि तुम्ही, ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं, त्याच म्हणालात की पोरीला तिची आजी आणि आत्या माहीत हवी. फेब्रुवारीत तुम्ही तिचा फोटो पाठवलात. पुढचे दोन दात पडलेले, दोन वेण्या. आईने तो मोठा करून घेतला. जो येतो तो म्हणतो, अगदी आत्यावर गेलीये. हनुवटी बघा, कपाळ बघा.

खरंच गेली आहे. मी आरशाशेजारी धरून बघितलं.

मी वर लिहिलं की मी बरी आहे. ते खरं नाही. दोनदा खोडायला घेतलं, मग राहू दिलं.

नवी गोळी मला पुरत नाही. मार्चपासून समोरच्या फ्लॅटमधून बाळाचं रडणं ऐकू येतं. तिथे साईनाथकाका आणि काकू दोघंच राहतात. मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर हसली, म्हणाली, त्यांच्याकडे आता मांजरसुद्धा उरलं नाही. मी पण हसले. आता ते रडणं ऑफिसातही येतं. रंगनाथरावांच्या आणि माझ्या मध्ये कुठेतरी. मी भूगोल वाचत राहते.

आणि तो फोटो आहे. हनुवटी माझी आहे, हे खोटं नाही. सगळे म्हणतात. दूध खरं होतं तशीच हीसुद्धा खरी गोष्ट. माझं डोकं खऱ्या गोष्टीवरच घर बांधतं वहिनी, म्हणून मला भीती वाटते.

गेल्या बुधवारी मी ऑफिसला निघाले आणि स्टेशनवर पोचले. तिकिटाच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा मी नागपूरचं तिकीट मागितलं. जाताना एक. येताना एक मोठं आणि एक लहान. खिडकीतल्या माणसाने लहान कोण, नाव-वय विचारलं. मी प्रियदर्शनी सांगितलं, सहा सांगितलं. तो कॉम्प्युटरवर भरत होता. म्हणाला, "मुलगी ना?"

मी म्हणाले, "हो, माझी मुलगी."

त्याने वर बघितलंसुद्धा नाही. त्याला स्त्री की पुरुष एवढंच हवं होतं. पण माझा आवाज मला ऐकू आला. अगदी नीट, समजूतदार आवाज होता. कोणालाही पटला असता. मला पटला होता.

मी रांगेतून बाहेर आले आणि रिक्षा करून सरळ दीक्षा मॅडमकडे गेले. हे कसं जमलं ते मला माहीत नाही. पुढच्या वेळी जमेल याची खात्री मी देणार नाही.

मॅडम म्हणाल्या, नवी गोळी वाढवून झाली आहे, आता थांबून चालणार नाही. दोन वाटा आहेत. जुनी गोळी पुन्हा, तिने आवाज नक्की जातात, पण दूध परत येईल, ते कमी करायला बरोबर दुसरं काही देता येईल, पूर्ण थांबेलच असं नाही. किंवा तिसरं एक औषध. ते सगळ्यात जोरदार, दूध आणत नाही, पण दर आठवड्याला रक्त तपासायचं, आणि वजन आणि साखर त्याने फार वाढते. माझी साखर आत्ताच काठावर आहे, घरात पपांचं झालेलं आहे, हे सगळं त्यांनी लपवलं नाही. तुम्ही विचार करा, आईशी बोला, म्हणाल्या.

मी विचार करायला वेळ घेतला नाही. तिसरं द्या म्हटलं. पपांचा पाय मी पाहिला आहे. नाही, तुम्ही पाहिला आहे, मी बाहेर असायची. तरीसुद्धा. पाय गेला तर माझा जाईल. दूध आलं तर मी पुन्हा तुमच्या दारात उभी राहीन. मॅडम म्हणाल्या, पाय जाणार नाही, आपण तपासत राहू. त्यांनी 'बहुतेक' म्हटलं नव्हतं, पण मला ऐकू आलं. मला न म्हटलेलं ऐकू येतं हे तुम्हाला माहीतच आहे.

येत्या सोमवारी मी ॲडमिट होते. या औषधाचा गुण यायला महिने लागतात. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला गुलाबी खोलीतून बाहेर कसं काढायचं ते मला कळत नाही, आणि ते काम मी तुमच्यावर टाकते आहे. रागावलात तर हक्क आहे.

तर, वहिनी, मे महिन्यात तुम्ही येऊ नका. तिला आणू नका. काहीही कारण सांगा. त्याऐवजी आईला तिकडे बोलवा, दादाला म्हणावं ये आणि घेऊन जा. मी वॉर्डात असेन, तिथे माझं सगळं होतं, तिने माझ्यासाठी इथे थांबायला नको. नातीला खीर तिने तिकडे करून घालावी. गुडघ्यांमुळे खालचा बर्थ बघा.

अजून एक. मी कधी फोन करून म्हणाले की आता मी ठणठणीत आहे, तिला भेटू द्या, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. आधी दीक्षा मॅडमना विचारा. नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवला आहे. आणि प्रियदर्शनीच्या शाळेत सांगून ठेवा. कोणी बाई आली, नीटनेटकी, व्यवस्थित मराठी बोलणारी, आणि म्हणाली मी हिची आई, तर पोर तिच्या हाती देऊ नका. चेहऱ्यावरून त्यांना खरं वाटेल. म्हणून माझा अलीकडचा फोटो पाकिटात घातला आहे, तो शिपायाकडे द्या. फोटो चांगला आलेला नाही, पण ओळखू येते.

तिला माझ्याबद्दल काय सांगायचं ते तुमच्यावर सोपवते. आजारी आहे म्हणालात तरी चालेल. तिने कधी विचारलंच, आत्या भेटायला का येत नाही, तर म्हणा, तिची फार इच्छा आहे म्हणून.

आत्ता सकाळ आहे. आई रोजच्यासारखी आंघोळ करून बुद्धवंदना म्हणते आहे, मला प्रत्येक शब्द ऐकू येतो, आणि मध्ये दुसरं काहीही नाही. अशा वेळी लिहिलेलं धरायचं. नंतर मी वेगळं बोलले तर हा कागद काढून मला दाखवा.

ती तुमची मुलगी आहे.

तिची आत्या,
मैत्री